चाक जड लागतंय

१२ जानेवारी

ति. दादांना,

वाकून नमस्कार. (वाकणं कंबरेच्या संमतीने झालेलं आहे.)

एका अन्यायाविरुद्ध दाद मागायची आहे. रुमालापासून बादलीपर्यंत आणि चष्म्याच्या दांडीपासून टूथब्रशपर्यंत माणसाला हरेक वस्तूचा रंग निवडता येतो. टायर तेवढा काळा. काल मी इथल्या टायरच्या दुकानात उभा होतो. चारी भिंतींना छतापर्यंत काळी वर्तुळं. दुकानदार म्हणाला, "घ्या निवडून." मी विचारलं, "यात निवडायचं काय?" तो म्हणाला, "पॅटर्न." मग एकेका टायरच्या नक्षीवर त्याने जे निरूपण केलं, ते ऐकताना मी नुसती मान डोलावत होतो. व्याकरणाच्या तासाला माझे विद्यार्थी मान का डोलावतात, ते इतक्या वर्षांनी कळलं.

आता प्रयोजन. तुमच्या बहिणीच्या गाडीचे टायर झिजलेत आणि स्टिअरिंगचं चाक जड लागतंय. गाडी छोटी आणि जुनी, पॉवर स्टिअरिंग नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. चालत्या गाडीत फारसं जाणवत नाही. पण एखाद्या गल्लीत गाडी लावायची किंवा जागच्या जागी वळवायची वेळ आली, की ती ओठ दाबून दोन्ही हातांनी चाक ओढते, आणि मी शेजारी बसून खिडकीबाहेर अत्यंत रस घेऊन बघतो. मदत करण्याइतकी माझी पात्रता नाही. मी आयुष्यात एकदाच गाडी चालवली आहे, आणि शेजाऱ्यांचं फाटक अजून एका बाजूला कललेलं आहे.

पण गाडीवाचून तिचं चालणार नाही. घरोघर जाऊन लोकांच्या हातापायांचे व्यायाम करून घ्यायचे, तर दिवसभर गल्ल्यांमधून फिरणं आलंच. मी म्हटलं, दवाखान्यात नोकरी धर, पेशंट तुझ्याकडे येतील. तर म्हणाली, "ज्यांना येता येतं, त्यांना माझी गरज नसते."

तिच्या मते दोष टायरचा आहे. मागच्या वेळचे रुंद टायर तुम्हीच पाठवले होते. इथला दुकानदार त्याहून रुंद घ्या म्हणतो. तुम्ही जन्मभर टायर विकत आलात, तेव्हा निवाडा तुमचा. फोनवर विचारलं असतं, पण तुमच्या दुकानातला हवेचा कॉम्प्रेसर आणि तुमचा उजवा कान यांनी मिळून तो मार्ग बंद केला आहे.

बाकी तिचं उत्तम चाललंय. हाताला गुण असावा तर असा. पेशंटच्या पुढे स्वतःचा हात धरायचा, "दाबा" म्हणायचं आणि तो किती जोर लावतो त्यावरून सुधारणा ठरवायची, ही तिची रीत. घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे, त्याची उजवी बाजू गेली होती. गेल्या महिन्यात त्याने तिचा हात सरळ खाली दाबला. आता इतरही सगळे असेच भराभर सुधारतायत. त्या दिवशी ती घरी आली आणि आनंदात चहा घ्यायचाच विसरली, तो निवून गेला.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
पंडित


२३ जानेवारी

प्रिय पंडितराव,

तुमचं पत्र दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. रंगाची तक्रार ऐकून आमचा हवा भरणारा म्हणाला, साहेबांना पांढरे टायर द्या, घरबसल्या धूत बसतील.

आता कामाचं. रुंद टायर मी पाठवले ते ओल्या रस्त्यावर गाडी धरून राहावी म्हणून. पण रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त अंगाने टेकलेला. उभ्या गाडीचं चाक फिरवायचं तर ते सगळं अंग रस्त्यावर घासत फिरवायचं, आणि जोर फक्त खांद्याचा नि मनगटाचा. पॉवर स्टिअरिंग असलं की हे ओझं मोटर उचलते. तुमच्याकडे ते भिंगरीलाच उचलावं लागतं. (तिला कुणासमोर भिंगरी म्हणू नका, माझ्यावर चिडेल.)

तेव्हा अरुंद घ्या. गाडी नवी असताना जे माप होतं तेच, १४५. दुकानदार काही म्हणो, त्याला रुंद खपवायचे असतात, मीही तेच करतो. हवा पुढे तीस ठेवा. दर पंधरवड्याला तपासा, हवा उतरली की चाक जड होणारच. आणि बाईसाहेबांना सांगा, गाडी अगदी उभी असताना चाक पिळू नये. जराशी सरकू द्यावी, मग वळवावी. हे तिला मीच शिकवलं होतं, तेव्हा ती ऐकायची.

नाहीतर सरळ पॉवर स्टिअरिंगची गाडी घेऊन टाका. जुन्या गाडीवर जीव किती लावायचा?

पेशंट सुधारतायत हे वाचून बरं वाटलं. लहानपणी माझा मुरगळलेला पाय ओढून हिनेच वाकडा केला होता. तिथून बरीच प्रगती आहे.

तुमचा,
दादा


१८ फेब्रुवारी

ति. दादांना,

नमस्कार. १४५ चे चार टायर समारंभपूर्वक बसवले. दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी गाडीला सायकलची चाकं मागितली. हवा तीस. तुमची बहीण बसली, चाक फिरवलं आणि म्हणाली, "हलकं झालं की." मी घरी येईपर्यंत विजयी मुद्रेने बसलो होतो.

मुद्रा फार दिवस टिकली नाही. ती आता गाडी मोकळ्या मैदानाशी लावते आणि तिथून पेशंटच्या घरापर्यंत चालत जाते. मागे वळवायची असेल तर वळवतच नाही, पुढच्या चौकाला वळसा घालून येते. परवा आम्ही घरासमोरून दोनदा गेलो. मी म्हटलं, "घर आवडलं नाही का?" ती म्हणाली, "गप्प बसा, उजवीकडे कोणी येतंय का बघा." म्हणजे चाक जडच आहे, पण ती कबूल करत नाही. तुमचा सल्ला वाया गेला असं तुम्हाला वाटू नये म्हणून असेल.

गाडी बदलायचंही करून पाहिलं. शोरूममध्ये नेलं. विक्रेत्या मुलीने दार उघडून बसवलं आणि म्हणाली, "मॅडम, एका बोटाने फिरतं, बघा." तुमची बहीण बसली, पण हात मांडीवरच. चाकाला शिवलीसुद्धा नाही. "मला माझीच बरी," म्हणाली आणि उतरली. आमच्या लग्नाच्या वेळी ती इतकी चोखंदळ असती, तर मी आज कुठे असतो कोण जाणे.

आणखी एक वार्ता. तिने केस कापले. कंबरेपर्यंतची वेणी जाऊन मानेपर्यंत आले. म्हणाली, "रोज कोण हात वर करून विंचरत बसणार?" मी एक खेदपर संस्कृत श्लोक रचला, तिने तो अर्ध्यात थांबवला.

आणि एक गुपित सांगतो, हसू नका. हल्ली संध्याकाळी ती मला समोर बसवते, हात पुढे धरते आणि म्हणते, "दाबा." मी दाबतो. रोज मी जिंकतो. कोशाच्या खंडाहून जड काही न उचललेला माणूस मी, पण वयाच्या या टप्प्यावर अंगात बळ संचारलंय. ती म्हणते, "ठीक आहे," आणि स्वयंपाकघरात जाते.

चाकाचं काय करायचं ते कळवा.

पंडित


२ मार्च

प्रिय पंडितराव,

अरुंद टायर, तीस हवा, आणि तरी जड? मग टायर निर्दोष असू शकतो. पण अंदाजाने पैसे घालवू नका, एक साधी परीक्षा करा. आम्ही दुकानात रोज करतो.

गॅरेजमध्ये जा आणि गाडी पुढून जॅकवर चढवा. दोन्ही चाकं जमिनीपासून सुटली पाहिजेत. आता खाली रस्ताच नाही, म्हणजे टायरची काही तक्रार उरली नाही. मग स्टिअरिंगचं चाक इकडून तिकडे फिरवा. हलकं फिरलं तर दोष टायरचा नाहीतर हवेचा. तरीही जड, तर आतला रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दातेरी दांडा, घट्ट धरलाय, वंगण नाहीतर बदली. तिसरं काही नसतं.

आणि मेकॅनिकच्या सांगण्यावर जाऊ नका, त्याचे हात लोखंडाचे असतात. तिलाच बसवा. जड कुणाला लागतं? तिला. मग तिनेच फिरवून सांगायचं.

केस का कापले म्हणालात? विंचरायचा कंटाळा तिला कधीच नव्हता. शाळेला उशीर झाला तरी वेणी घातल्याशिवाय निघायची नाही. विचारून कळवा.

दादा


१९ मार्च

ति. दादांना,

आज्ञेप्रमाणे परीक्षा पार पडली. गाडीला जॅकवर चढवलं, तुमच्या बहिणीला गाडीवर चढवलं, आणि मला गॅरेजवाल्याच्या काचेच्या ऑफिसात बसवलं. तिथे मी बॅटरीचं एक जाहिरातपत्रक तीन वेळा वाचलं. भाषा अशुद्ध होती.

निष्कर्ष: रॅक. तुमची बहीण तसं म्हणते. तुम्ही म्हणालात तिसरं काही नसतं, तेव्हा रॅकच. आमच्या जुन्या गाडीचा रॅक तुमच्याकडे मिळेल का, आणि मिळाला तर किती दिवसांत, कृपया कळवा. घाई नाही. मुळीच घाई नाही.

केसांचं विचारायचं राहून गेलं.

पंडित


२२ मार्च

दादा,

हे पत्र दुकानात वाचून दाखवू नकोस. घरी ने, मग उघड.

रॅक शोधू नकोस, रॅक चांगला आहे. गॅरेजमध्ये मेकॅनिकने चाक करंगळीने फिरवून दाखवलं. मग म्हणाला, "ताई, तुम्ही बसा." खाली नुसती हवा होती, दादा. मी दोन्ही हातांनी धरलं आणि इकडून तिकडे फिरवायला लागले. चाक कुठेही अडलं नाही. माझेच हात वरून खाली आले. मांडीवर येऊन पडले. तो म्हणाला, "परत एकदा बघायचं का?" मी म्हटलं, नको. यांना सांगितलं की रॅक आहे. हे ऑफिसात काहीतरी वाचत होते, लगेच मान्य केलं.

मला आधीच माहीत होतं. त्या घड्याळजीने माझा हात खाली दाबला, तेव्हा मला किती आनंद झाला होता. मग टपाल कचेरीतल्या त्या निवृत्त बाईंनी दाबला. मग सगळेच दाबायला लागले. महिनाभर माझे सगळे पेशंट सुधारत होते. एक दिवस घड्याळजीच्या बायकोने विचारलं, "एवढी ताकद आली, तर चमचा का धरता येत नाही यांना?" मी त्यांच्या हाताकडे बघितलं, मग माझ्या. तोलायचं वजन तेच होतं, काटाच खाली बसत चालला होता.

म्हणून संध्याकाळी यांना समोर बसवते. यांचा हात काही बदललेला नाही, आयुष्यभर खडू धरलाय. तेवढं एकच माप मला भरवशाचं आहे. त्यावरून कळतं किती गेलं.

तपासण्या करून झाल्या. नाव लांबलचक आहे, तुझ्या पंडितांना आवडेल असं. औषध नाही. वेग कमी करता येतो असं डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते. मीही माझ्या पेशंटशी बोलताना खिडकीकडे बघते, त्यामुळे समजलं.

तू विचारशील, पॉवर स्टिअरिंगची गाडी का नको म्हटलं. दादा, ते चाकही जड लागलं असतं तर पुढे काय म्हणणार होते? या गाडीला दोष द्यायला निदान टायर तरी आहेत.

गाडी चालवणं आता बंद करते. कुणाच्या अंगावर घालायची नाही मला. यांना सांगेन, रॅक येईपर्यंत थांबू. तू यांना काही कळवू नकोस. तू फक्त रॅकचं लिही. मी सांगेन, पण अजून मला तोंड उघडायला जमत नाहीये.

वहिनीला सांगितलंस तरी चालेल. नको, तिलाही नको.

तुझी,
भिंगरी


३० मार्च

प्रिय पंडितराव,

रॅकची चौकशी केली. जुन्या गाडीचं सामान मिळायला वेळ लागतो. दोन-तीन ठिकाणी सांगून ठेवलंय. तोवर गाडी उभी ठेवलेलीच बरी. गाडी नुसती उभी राहिली तर टायर एका जागी चपटे होतात, तेव्हा अधूनमधून कुणाकडून तरी थोडी पुढेमागे करून घ्या.

तुमची तब्येत कशी आहे? जेवण वेळेवर होतं ना दोघांचं?

मी तिकडे येऊन जाऊ का, असं मनात आहे. काम असं काही नाही. सहज.

दादा


६ एप्रिल

ति. दादांना,

तुमच्या पत्रात एकही टोमणा नव्हता. पंधरा वर्षांत असं पहिल्यांदा झालं. त्यावरून तिने तुम्हाला कळवलंय, हे मला समजलं. काय कळवलं ते विचारत नाही. तिने तुम्हाला गप्प राहायला सांगितलं असणार, आणि तुम्ही रॅक शोधत बसला असाल. मलाही गप्पच राहायचं होतं. म्हणून तर मीही रॅकबद्दल लिहिलं.

ऑफिसची भिंत काचेची होती. जाहिरातपत्रक तोंडासमोर धरून मी सगळं पाहिलं. ती हात धुवायला मागे गेली, तेव्हा मेकॅनिकला विचारून मी त्या उचललेल्या गाडीत जाऊन बसलो. चाक माझ्या एका बोटाने फिरलं. मी ते पुन्हा पुन्हा फिरवत राहिलो. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, आता उतरा." ती परत आली तेव्हा मी ऑफिसात होतो आणि तिने रॅक सांगितला. मी म्हणालो, "वाटलंच मला."

संध्याकाळी ती मला हात का दाबायला लावते, तेही त्या दिवशी उमगलं. इतके दिवस मी जिंकत होतो आणि तुम्हाला फुशारक्या कळवत होतो. पुढचे काही दिवस तसाच दाबत राहिलो, पण गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने हात पुढे धरला आणि मला जोर लावता आला नाही. लावल्यासारखं केलं. तिचा हात जागच्या जागी राहिला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परत." मी परत तसंच केलं. दुसऱ्या दिवशी त्याहून हलकं. मला वाटलं, एवढं सुख तरी देता येतंय. मी दुसरं काय करणार होतो? तिच्या आजाराचं नावही मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी त्याचा विग्रह करून काय हाती लागलं असतं?

पण दादा, ती बरी व्हायला लागली आहे, असं तिला वाटतंय. कालपासून गुणगुणते. घड्याळजीच्या बायकोला तिने निरोप पाठवला, की मी पुन्हा यायला लागते. डॉक्टरांची पुढची भेट तिने फोनवरून मागे ढकलली, ते मी आतल्या खोलीतून ऐकलं; म्हणाली, "गर्दी असते, नंतर बघू." आज सकाळी गाडी पुसताना दिसली. मी विचारलं, "रॅक?" तर म्हणाली, "तेवढा वाईट नाहीये तो. सोमवारी हळूहळू नेऊन बघते." आणि हसली. गेल्या कित्येक महिन्यांत ती असं हसली नव्हती.

सोमवारी ती रस्त्यावर गाडी काढणार. त्या हातांनी. शाळा सुटायच्या वेळी पलीकडच्या चौकात मुलांची झुंबड असते.

किल्ली लपवायचा विचार केला. ती शोधेल. चारी चाकांची हवा सोडायचाही केला, तर ती पंपवाल्याला बोलावेल, आणि तो हवा तीस भरून देईल, तुमच्याच सल्ल्याप्रमाणे. तुम्हाला बोलावून तुमच्याकरवी सांगावं, असंही दिवसभर मनात घोळतंय. पण तुम्ही काय सांगणार? हात मी दाबला होता, तुम्ही नाही.

तेव्हा तिला समोर बसवून सांगायला हवं, की तू बरी होत नाहीयेस, मी खोटं दाबत होतो. एवढंच वाक्य आहे. त्यात एकही अवघड शब्द नाही. मी ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेलं आणि तिने वळून विचारलं, "काय हवंय?" मी म्हणालो, "पाणी."

तुम्ही या. पण त्यामुळे काही होईल असं समजून येऊ नका.

मला भीती वाटते. ती जाईल याची वाटतेच. पण आज रात्री जी वाटते आहे ती वेगळी आहे. सोमवार येईल, ती किल्ली घेऊन निघेल, आणि ती हसत असेल म्हणून मी तिला थांबवणार नाही.

पंडित